मुलं खेळतात, तेव्हा आईबाबांनी काय करायचं? : कायम विचारले जाणारे प्रश्न

गेली ११ वर्षं मी कुठल्या ना कुठल्या ग्राऊंडच्या कडेला उभी आहे. मोठी मुलगी फुटबॉल खेळते, गोलकीपर आहे, आता १७ ची झाली. धाकटा आधी पोहायचा, मग ते सोडलं, मग दीड वर्ष काहीच नाही, आता बॅडमिंटन. नवीन आलेले आईबाबा शेजारी उभं राहून जे विचारतात ते फिरून फिरून तेच असतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही आणि कोचही नाही. दुखण्याखुपण्याबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरकडे कधी जायचं हे वेळेत कळावं म्हणून, त्यावरून घरच्या घरी निदान करू नका प्लीज.

कितव्या वर्षी क्लासला घालावं?

खेळायला तर चालता यायला लागल्यापासूनच. पण क्लास, कोच, टाइमटेबल हे साधारण ६ च्या आधी नको असं माझं मत. पाच वर्षांच्या पोराला रांगेत उभं करून नंबर यायची वाट बघायला लावलं तर तासातली दहा मिनिटं तो हलतो आणि उरलेला वेळ माती उकरत बसतो. पळणं, उडी, फेकणं, झेलणं, तोल सांभाळणं, पाण्याची भीती जाणं एवढं अंगात आलं की पुढे कुठलाही खेळ धरता येतो. क्लास बघायला जाल तेव्हा फक्त एवढं बघा की मुलं किती वेळ हलतायत आणि किती वेळ नुसती उभी आहेत.

एकाच खेळावर लक्ष द्यायचं की दोन-तीन चालू ठेवायचे? सगळे म्हणतात लवकर सुरू केलं नाही तर मागे पडेल.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यामागची भीती मी स्वतः अनुभवली आहे. शेजारचा मुलगा आठव्या वर्षी आठवड्यातून सहा दिवस प्रॅक्टिसला जातोय आणि आपला दोनच दिवस, असं दिसलं की पोटात कालवतं.

काही खेळ आहेत जिथे लवकर सुरुवात लागते, जिम्नॅस्टिक्स, फिगर स्केटिंग, डायव्हिंग वगैरे. बाकी बहुतेक खेळांमध्ये एवढी घाई करायचं कारण नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये जे मार्गदर्शन दिलं त्यात म्हटलंय की बहुतेक खेळांत एकच खेळ पकडणं १५-१६ व्या वर्षापर्यंत पुढे ढकलावं, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी हवी, आणि वर्षभरात मिळून तीन महिने त्या मुख्य खेळापासून लांब राहावं, तेही सलग तीन नाही, एकेक महिना करून चालतं. लांब राहायचं म्हणजे सोफ्यावर लोळायचं असं नाही हो, दुसरं काहीतरी खेळायचं.

कारण साधं आहे. एकच खेळ म्हणजे रोज तोच सांधा, तोच स्नायू, तीच हालचाल हजारो वेळा. वाढत्या हाडाला ते झेपत नाही. दुसरी गोष्ट, १२ वर्षांच्या मुलाला अजून माहीतच नसतं की त्याचं शरीर कुठल्या खेळाचं आहे, उंची किती होणार, खांदे कसे होणार, काहीच नाही.

मला एक हिशेब फार उपयोगी पडला तो सांगते. मुलाचं वय जितकं तितकेच तास आठवड्याला, त्याहून जास्त ठरवून दिलेली प्रॅक्टिस नको. म्हणजे १० वर्षांचा असेल तर आठवड्याला १० तास. २०१५ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ही रेषा ओलांडणाऱ्या मुलांना अतिवापराच्या गंभीर दुखापती जास्त होताना दिसल्या, आणि ज्यांचे ठरवून दिलेल्या प्रॅक्टिसचे तास मोकळ्या खेळण्याच्या दुप्पटीपेक्षा जास्त होते त्यांनाही. हे वाचलं त्या रात्री मी वही घेऊन बसले, मुलगी तेव्हा ११ ची होती, क्लबची प्रॅक्टिस, शाळेची टीम आणि गोलकीपिंगचं वेगळं कोचिंग मिळून १४ तास भरत होते. आणि संध्याकाळी बिल्डिंगखाली नुसतं खेळणं? शून्य. वेगळं कोचिंग बंद केलं. ती मागे पडली नाही.

लहान वयात स्पर्धाच नको असं म्हणायचंय का?

नाही. मुलांना जिंकायला आवडतं आणि त्यात काही वाईट नाही, खाली खेळताना सुद्धा स्कोअर त्यांच्या डोक्यात पक्का असतो. प्रश्न मोठ्यांनी त्या स्कोअरचं काय करायचं हा आहे. नॉर्वेचं उदाहरण बघा. तिथे १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी वेगळे नियम आहेत, ११ वर्षांखालच्यांच्या गुणतालिका आणि क्रमवारी लावत नाहीत, १३ च्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाहीत. आणि जेमतेम ५५ लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेला हा देश २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ३९ पदकं घेऊन सगळ्यांच्या वर होता. बर्फ आहे, पैसा आहे, ही कारणं आहेतच, पण लहानपणी तक्ते लावले नाहीत म्हणून त्यांचं काही अडलं नाही एवढं नक्की.

मॅच हरून आल्यावर घरी जाताना काय बोलायचं?

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे मी चुकले होते आणि ती चूक मला दीड वर्षाने कळली.

मुलगी १० ची होती, तीन गोल खाल्ले, त्यातला एक तर सरळ हातातून सुटला. घरी येईपर्यंत मी तिला समजावत होते, ओरडत नव्हते हं, अगदी प्रेमाने, की तू पुढे यायला हवं होतंस, तो कोपरा मोकळा होता, पुढच्या वेळी असं कर. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं ऐकतेय. असं बरेच महिने चाललं आणि मग एका शनिवारी बूट घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, आज तू नाही आलीस तर चालेल?"

त्या दिवशी मी गेले नाही. घरी बसून विचार करत राहिले की मी नक्की काय केलं, आणि उत्तर आलं ते असं की तिची मॅच शिट्टी वाजल्यावर संपतच नव्हती, माझ्याबरोबर घरी यायची. कोच सांगणार, टीममधल्या पोरी बोलणार, तिचं स्वतःचं डोकं तिला खाणार आणि वर मी.

आता मी काय करते ते सांगते. पाण्याची बाटली देते. "तुला खेळताना बघायला आवडतं मला" एवढं म्हणते, जिंकली तरी तेच आणि हरली तरी तेच. मग गप्प. भूक लागलीय का, गाणी लावायची का, इतकंच. तिला बोलायचं असेल तर ती बोलते, बहुतेक वेळा रात्री झोपायच्या आधी, दिवा बंद केल्यावर, आणि तेव्हा ती स्वतःच सांगते की मी पुढे यायला हवं होतं. म्हणजे मी जे तिला वर्षभर सांगत होते ते तिला माहीतच होतं!

विचारायचंच असेल तर असं काही विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही. "दुसऱ्या हाफमध्ये तू त्या नवीन मुलीला काय ओरडून सांगत होतीस?" असं. "किती गोल झाले" हे पहिल्यांदा विचारू नका, ज्या दिवशी तुम्ही येऊ शकला नसाल त्या दिवशी तर अजिबात नको.

आणि रडत असेल तर रडू द्या. "अगं खेळच आहे, काय एवढं" म्हणू नका. तिच्यासाठी तो खेळच आहे, म्हणूनच रडतेय ना.

कडेला उभं राहून ओरडलं तर काय बिघडतं? प्रोत्साहनच देतोय.

टाळ्या वाजवा, नाव घेऊन चिअर करा, समोरच्या टीमने भारी काही केलं तर त्यांच्यासाठी पण वाजवा. पण "पास दे", "मार", "मागे ये", हे नको. बॉल पायात आल्यावर मुलाला एका सेकंदात ठरवायचं असतं, तेवढ्यात कोच एक ओरडतोय, बाबा दुसरं, आणि तो काहीच न ठरवता बाबांकडे बघतो. पुढच्या वेळी मॅचमध्ये लक्ष देऊन बघा, कितीतरी मुलं चूक झाली की बॉलकडे बघायच्या आधी आईबाबांच्या तोंडाकडे बघतात. तिथे आपण कपाळाला हात लावलेला असेल तर न ओरडताही सगळं बोलून झालेलं असतं.

रेफरीवर ओरडणं तर पूर्ण बंद. लहान मुलांच्या मॅचला रेफरी म्हणून बरेचदा १६-१७ वर्षांचा पोरगाच असतो, शिकत असतो तो पण. तोही कुणाचा तरी मुलगा आहे आणि पुढच्या रविवारी तो आलाच नाही तर मॅच होणार कशी?

कोच खेळवतच नाहीत, बेंचवर बसवतात. जाऊन बोलू का?

आधी मुलाला विचारा की त्याला ते खुपतंय का. खूपदा आपल्याला जास्त खुपत असतं, त्याला मित्रांबरोबर डगआऊटमध्ये मजा येत असते. त्याला खुपत असेल आणि तो १२-१३ च्या पुढे असेल तर पहिल्यांदा त्यानेच बोलावं, "सर, मला जास्त वेळ मिळायला मी काय सुधारू?" हे वाक्य घरी एक-दोनदा म्हणून बघा हवं तर. माझ्या धाकट्याला हे विचारायला तीन आठवडे लागले, विचारून आला तेव्हा चेहराच वेगळा होता, उत्तर काय मिळालं ते सोडा.

तुम्हाला बोलावंच लागलं तर मॅचनंतर लगेच नाही, सगळ्यांसमोर नाही, एक दिवस जाऊ द्या आणि वेळ मागून भेटा. आपल्या मुलाबद्दल बोला, दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करू नका. आणि १० वर्षांच्या आतल्या टीममध्ये जर एखाद्याला मॅचमागून मॅच बसवूनच ठेवत असतील तर माझ्या मते तो क्लब बदलायचा, त्या वयात सगळ्यांना खेळायला मिळालंच पाहिजे, बसून कोण शिकतं?

सिलेक्शनमध्ये नाव आलं नाही. म्हणतात अंगाने कमी पडतो.

जन्माचा महिना बघा. हे गमतीने म्हणत नाहीये. वयोगटाची तारीख जर १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात, जवळजवळ एक वर्षाचा फरक, आणि ९-१० व्या वर्षी एक वर्ष म्हणजे केवढं! कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा १९८० च्या दशकात तपासल्या तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खूपच जास्त निघाले, नंतर फुटबॉल आणि इतर खेळांतही तेच दिसलं. जो थोडा मोठा आहे तो निवडला जातो, मग त्याला चांगला कोच, जास्त मॅचेस मिळतात, मग तो खरोखरच पुढे जातो.

त्यात परत वयात येणं मागेपुढे होतं. मुलींची उंची झपाट्याने वाढते साधारण १२ च्या आसपास, मुलांची १४ च्या, पण दोन्हीकडे एक-दोन वर्ष इकडेतिकडे अगदी नॉर्मल आहे. म्हणजे १३ वर्षांच्या दोन मुलांमध्ये एक जवळपास पुरुष आणि एक अजून पोरगेलाच असू शकतो. उशिरा वाढणाऱ्या मुलाला मागे सारलं जातं आणि तो १५ व्या वर्षी सोडून देतो, जेव्हा कुठे त्याची वाढ सुरू होणार असते. मला याचं फार वाईट वाटतं. अशा मुलाच्या आईबाबांचं काम एवढंच की तो १७ पर्यंत खेळत राहील, खालच्या टीममध्ये का होईना, हे बघणं.

निकाल कळला त्या दिवशी मात्र हे सगळं शास्त्र सांगत बसू नका. त्या दिवशी नुसतं जवळ बसा.

गुडघा दुखतो म्हणतो, टाच दुखते म्हणते. वाढीचं दुखणं म्हणून सोडून द्यायचं का?

सोडून द्यायचं नाही, घाबरायचंही नाही. गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला उंचवटा येऊन दुखत असेल तर बरेचदा ते ऑसगुड-श्लॅटर असतं. वाढीच्या काळात हाड भराभर लांब होतं, मांडीचा स्नायू त्या मानाने आखडलेला राहतो आणि तो ज्या जागी हाडाला धरलेला असतो ती जागा अजून पक्की झालेली नसते, उड्या मारून, पळून ती ओढली जाते. टाचेच्या मागे दुखत असेल तर सेव्हर्स, कारण तेच, फक्त तिथे पोटरीचा स्नायू ओढतो, साधारण ८ ते १४ या वयात. दोन्ही बरं होतं, पण महिने लागतात, आणि भार कमी करावा लागतो.

आमच्या घरी एकच नियम आहे, लंगडलं की खेळ बंद. मॅच कुठलीही असो. दुखतंय पण चालीत फरक नाही, खेळून झाल्यावर थोड्या वेळात थांबतं, तर कमी करून चालू ठेवता येतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज, ताप, सांधा अडकणं, एकाच बाजूला वाढत जाणारं दुखणं, याला डॉक्टरच. आणि पाठ. जिम्नॅस्टिक्स करणारी मुलं, फास्ट बॉलर, म्हणजे ज्यांना वारंवार मागे वाकावं लागतं, त्यांची कंबर दोन-तीन आठवडे दुखत राहिली तर मणक्याच्या हाडाला बारीक चीर असू शकते, बाम लावून दिवस काढू नका.

आणखी एक. मुलांच्या हाडांच्या टोकाला वाढीची पट्टी असते आणि ती आजूबाजूच्या लिगामेंटपेक्षा, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांपेक्षा, कच्ची असते. म्हणून मोठ्या माणसाचा ज्या मारात नुसता घोटा मुरगळतो त्याच मारात मुलाचं हाड वाढीच्या जागी मोडलेलं असू शकतं. पाय टेकवता येत नसेल, हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढा.

दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करायची सवय लावा. खुणांमधलं अंतर एकदम वाढलं की समजायचं, आता काही महिने मुलगा धडपडणार, टायमिंग चुकणार, दुखणार, कोचलाही सांगून ठेवायचं. याच काळात आईबाबांना वाटतं की याचा खेळ बिघडला, लक्ष नाही. लक्ष असतं हो, पाय लांब झालेले असतात.

दुखापत होऊच नये म्हणून काही करता येतं का?

वॉर्म-अप, नीट आणि प्रत्येक वेळी. फुटबॉलमध्ये ७ ते १३ वयाच्या मुलांसाठी बनवलेला '११ प्लस किड्स' नावाचा वॉर्म-अप आहे, एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं, पडायचं कसं असले व्यायाम, आणि त्याच्या चाचणीत दुखापती निम्म्याच्या आसपास कमी झाल्या. मुलींच्या बाबतीत याला दुप्पट महत्त्व आहे, वयात आल्यावर गुडघ्याचं एसीएल लिगामेंट तुटण्याचा धोका त्यांना मुलांपेक्षा बराच जास्त असतो. तुमच्या कोचचा वॉर्म-अप म्हणजे ग्राऊंडला दोन चकरा एवढाच असेल तर हे विषय काढून बोलण्यासारखं आहे.

डोक्याला लागलं पण बेशुद्ध पडली नाही. खेळू द्यायचं?

नाही. त्या दिवशी नाहीच.

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, आणि त्यात बहुतेक वेळा मूल बेशुद्ध पडतच नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उजेड-आवाज सहन न होणं, गोंधळल्यासारखं बघणं, तेच तेच विचारणं, "कसंतरीच होतंय" म्हणणं, यातलं एक जरी असलं तरी बाहेर काढायचं. शंका आली तरी बाहेरच. मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसणं फार धोक्याचं.

सेमीफायनलमध्ये मुलीचं डोकं पोलवर आदळलं. उठली, अंगठा दाखवला, खेळायला लागली. मी कडेला जाऊन विचारलं तर म्हणाली ठीक आहे, आणि मग विचारलं, "किती मिनिटं राहिली?" सांगितलं. दोन मिनिटांनी परत तेच. मग परत. मी कोचला म्हटलं बाहेर घ्या. ती रडली, चिडली, राखीव गोलकीपर नव्हती, टीम हरली, दोन-तीन पालक मला काय काय बोलले. डॉक्टरांनी कन्कशनच सांगितलं. नंतर शाळेत पूर्ण दिवस बसता यायला तिला नऊ दिवस लागले.

उलटी परत परत होणं, डोकेदुखी वाढत जाणं, मान दुखणं, एकाचे दोन दिसणं, हातपाय बधिर होणं, झटका, जागं न होणं किंवा खूप गुंगी, यातलं काही दिसलं तर तडक हॉस्पिटल. बाकी वेळी पहिले २४ ते ४८ तास निवांत, स्क्रीन कमीत कमी. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवायची जुनी पद्धत आता सांगत नाहीत, हलकं चालणं चालतं. आधी शाळा पूर्ववत व्हायला हवी, मग खेळ, तोही टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला कमीत कमी एक दिवस, आणि पूर्ण खेळायच्या आधी डॉक्टरांची परवानगी. बहुतेक मुलं चार आठवड्यांत बरी होतात.

उन्हात प्रॅक्टिस चालेल का?

सवय नसेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीचे ७ ते १४ दिवस हळूहळू वाढवत न्यायचं, एकदम पूर्ण जोर नाही. पाणी प्यायला परवानगी मागावी लागते असला कोच नको. उन्हात खेळताना मूल गोंधळल्यासारखं वागायला लागलं, अडखळून पडलं, तर तो उष्माघात असू शकतो, अँब्युलन्स बोलवा पण ती येईपर्यंत थांबू नका, कपडे सैल करून गार पाण्यात बसवा किंवा सतत गार पाणी ओता. आधी गार करायचं, मग हलवायचं.

झोप आणि अभ्यास कसं जमवायचं?

झोप कापून काहीही जमवायचं नाही. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास, १३ ते १८ ला ८ ते १० तास. २०१४ च्या एका अभ्यासात ८ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या खेळाडू मुलांना दुखापत व्हायची शक्यता १.७ पट दिसली. पहाटे ५ ची प्रॅक्टिस आणि रात्री ११ पर्यंत अभ्यास हे दोन्ही चालू असेल तर कोणाशी तरी बोलून एक काहीतरी बदला. परीक्षेच्या आठवड्यात खेळ पूर्ण बंद करणं मला पटत नाही, अर्धा करा.

प्रोटीन पावडर, एनर्जी ड्रिंक?

दोन्ही नको. घरचं पोटभर जेवण पुरतं. कॅफीनवाली एनर्जी ड्रिंक्स मुलांना कधीच देऊ नयेत असं बालरोगतज्ज्ञ स्पष्ट सांगतात.

मुलगी १२-१३ ची झाली आणि खेळायला जायला टाळाटाळ करतेय.

कारण बरेचदा खेळात नसतं. पाळी सुरू झालेली असते आणि ग्राऊंडवर धड टॉयलेट नसतं. पांढरी शॉर्ट्स असते. नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा नसते आणि पळताना अवघडल्यासारखं होतं, लोक बघतात. हे ती आपणहून सांगणार नाही, आपणच सहज विषय काढायचा, आणि बाबांनी पण काढायला हरकत नाही. आमच्या टीममधल्या चार-पाच आयांनी मिळून क्लबला सांगितलं की शॉर्ट्सचा रंग गडद करा, पुढच्या सीझनला झाला. तेवढ्याने सोडायला निघालेल्या दोन मुली टीममध्ये टिकल्या.

दुसरी बाजू पण सांगते. खूप खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने किंवा जास्त बंद झाली, किंवा १५ पर्यंत सुरूच झाली नाही, तर "जास्त प्रॅक्टिस आहे म्हणून" असं म्हणून गप्प बसू नका. शरीराला लागतं तेवढं खाणं मिळत नाहीये याची ती खूण असू शकते, हाडं ठिसूळ होतात त्यात. डॉक्टरांना दाखवा, आणि वजनावरून टोमणे मारणाऱ्या कोचला ठामपणे थांबवा.

जिंकल्यावर बक्षीस कबूल करावं का? गोलमागे काहीतरी?

नको. १९७३ मध्ये छोट्या मुलांवर झालेला एक प्रयोग आहे, ज्यांना चित्रं काढायला आवडायचं त्यातल्या काहींना आधीच बक्षीस कबूल केलं, तर नंतर ती मुलं मोकळ्या वेळात आपणहून कमी चित्रं काढायला लागली. आवडीचं काम पगाराचं झालं. शिवाय गोलमागे बक्षीस ठेवलं तर पास कोण देईल? सीझन संपल्यावर सगळ्यांनी मिळून कुठेतरी जाणं वेगळं, ते खुशाल करा.

मी स्वतः चांगला खेळायचो. मुलाने तोच खेळ खेळावा असं वाटणं चुकीचं आहे का?

वाटणं चुकीचं नाही, दाखवून बघा, आवडला तर छानच. पी. व्ही. सिंधूचे आईवडील दोघंही व्हॉलीबॉल खेळायचे, वडील १९८६ च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेल्या संघात होते, आणि मुलीने बॅडमिंटन धरलं. खेळाडूच्या घरात वाढल्याचा तिला फायदा झालाच असणार, पण खेळ तिचा तिने निवडला. आणि जे कधीच खेळले नाहीत अशा आईबाबांनी कमीपणा वाटून घेऊ नये. तुम्हाला ऑफसाइड कळत नसेल तर मुलाला विचारा, तो समजावून सांगेल, त्याला केवढं भारी वाटतं बघा.

सोडायचं म्हणतोय. इतकी वर्षं गेली, इतका खर्च झाला.

गेलेला वेळ आणि पैसा बाजूला ठेवा, तो मुलाच्या अंगावर टाकायचा नाही. आधी कारण शोधा. खेळ नकोय, की कोच नकोय, की कोणी त्रास देतंय, की थकलाय? आमच्या धाकट्याने पोहणं सोडतो म्हटल्यावर मी सीझन संपेपर्यंत थांब म्हटलं, टीमला शब्द दिलाय म्हणून, आणि तोपर्यंत त्याला रोज विचारलं नाही. सीझन संपला, तो तेच म्हणाला, सोडलं. मला वाईट वाटलं, त्याला हलकं वाटलं.

अ‍ॅश्ली बार्टीने २०१४ मध्ये, १८ व्या वर्षी टेनिस सोडलं, मधे व्यावसायिक क्रिकेट पण खेळली, २०१६ मध्ये परत आली आणि २०१९ ला फ्रेंच ओपन, २०२१ ला विम्बल्डन, २०२२ ला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. प्रत्येक मूल परत येईल असं नाही आणि यायलाच हवं असंही नाही. पण सोडताना भांडण झालेलं नसेल तर परत यायला दार उघडं राहतं.

एक अट मात्र मी ठेवते, काहीतरी हालचाल हवी, काय ते तू ठरव. दीड वर्ष तो नुसता सायकल फिरवत होता, ते पण मोजलं मी.

कोच चांगला माणूस आहे हे कसं कळणार?

स्वभावावरून कळत नाही, म्हणून नियमावर भर द्या. एकटा कोच आणि एकटं मूल बंद जागेत नको, प्रॅक्टिस अशी हवी की आईबाबा कधीही येऊन बघू शकतील, मुलांना पर्सनल मेसेज नकोत, जे असेल ते ग्रुपवर. बाहेरगावी मॅच असेल तर मुलांच्या खोलीत मोठं माणूस झोपणार नाही. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाच्या ज्या डॉक्टरला २०१८ मध्ये लैंगिक शोषणासाठी शिक्षा झाली त्याने काही मुलींवर आई किंवा बाबा खोलीत असताना अत्याचार केले होते, उपचाराच्या नावाखाली. सगळ्यांचा विश्वास होता त्याच्यावर.

मुलांना लहानपणापासून सांगा की "हे घरी सांगू नको" असं कुठलाही मोठा माणूस म्हणाला तर ते घरी येऊन आधी सांगायचं. आणि सांगितलं तर पहिलं वाक्य "माझा तुझ्यावर विश्वास आहे" हेच. खेळ सुटेल, टीम सुटेल, सुटू दे.

धाकट्याचं काय? मोठीच्या मॅचेसमध्येच सगळे रविवार जातात.

खरंय, आणि धाकटी मुलं हे बोलत नाहीत. आम्ही महिन्यातला एक रविवार त्याचा ठेवला, त्या दिवशी मोठीच्या मॅचला आमच्यातला एकच जण जातो किंवा ती टीममधल्या कोणाबरोबर जाते. त्याला कडेला बसून बघायची सक्ती करू नका.

मॅचच्या वेळी मलाच इतकं टेन्शन येतं, पोटात गोळा येतो. काय करू?

मला अजूनही येतो, ११ वर्षं झाली. मी बाकी पालकांच्या घोळक्यापासून जरा लांब उभी राहते, हातात काहीतरी धरते, श्वास मोठा घेते. पूर्वी समोरच्या टीमला पेनल्टी मिळाली की मी पाठ फिरवायचे, आवाजावरून काय झालं ते समजून घ्यायचे. एकदा तिने पेनल्टी अडवली, डावीकडे पूर्ण झोकून देऊन, आणि उठल्या उठल्या तिने वळून बघितलं तर मी झाडाकडे तोंड करून उभी. रात्री दिवा बंद केल्यावर म्हणाली, "तू बघितलंच नाहीस ना?" तेव्हापासून बघते.